तहानलेला कावळा आणि चार किलोमीटरची नळी

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट मराठी माणसाला बालवाडीपासून पाठ असते. रांजणाच्या तळाशी गेलेले पाणी, चोचीने एकेक करून टाकलेले खडे आणि हळूहळू वर आलेले पाणी. या गोष्टीचा एक खराखुरा दुसरा भाग २०१७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत घडला. त्यातला कावळाही तहानलेलाच होता. मात्र रांजणाच्या जागी जगातले एक अतिसंवेदनशील यंत्र होते आणि पाण्याच्या जागी त्याच्या पाइपवर साचलेला बर्फ.

वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्ड या रखरखीत भागात ‘लायगो’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा आहे. काटकोनात पसरलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांच्या टोकांना आरसे आणि मधून ये-जा करणारा लेझरचा झोत, असे हे यंत्र. त्या उन्हाळ्यात तिथल्या नोंदींमध्ये अधूनमधून कारण कळत नसलेले ठोके उमटू लागले. यंत्राजवळच्या मायक्रोफोनने टिपलेले आवाज तपासले, तर त्यात ठक्-ठक् ऐकू येत होते. एका नळीच्या टोकाच्या इमारतीपाशी जाऊन पाहिले, तेव्हा उलगडा झाला. द्रवरूप नायट्रोजनच्या थंडगार पाइपवर हिमाचा थर धरला होता आणि त्यावर चोचींच्या खुणा होत्या. उन्हाने कासावीस झालेले डोमकावळे बर्फ टोचत होते. चोचीने पाइप हलत होता, पाइपने यंत्र हलत होते आणि विश्वाच्या अभ्यासात कावळ्याची नोंद होत होती. पुढे त्या पाइपवर बर्फ धरू नये अशी व्यवस्था करण्यात आली.

२०१८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांच्या परिषदेत ही हकिकत रीतसर सादर झाली. एखाद्या ताऱ्याच्या स्फोटाचे करावे तसे विश्लेषण, आणि शेवटी आरोपी म्हणून कावळा. बातमी जगभर गेली. ती वाचून जो हसला, त्याला हे यंत्र किती हळवे आहे ते व्याख्यानाशिवाय कळले. ‘नळीच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडला तरी यंत्राला समजतो’ हे वाक्य अगदी खरे आहे, पण त्याने डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही. प्रोटॉन कोणी पाहिला आहे? कावळा सगळ्यांनी पाहिलेला असतो.

ही गोष्ट हिंगोली जिल्ह्यात तर हक्काने सांगितली जायला हवी. कारण याच यंत्राचे भारतीय भावंड औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळा गावाच्या परिसरात उभे राहणार आहे. ‘लायगो-इंडिया’ला केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह उभारणीला मंजुरी दिली. तशाच दोन नळ्या, तसाच काटकोन, तेच चार किलोमीटर. हळद, कापूस आणि सोयाबीनच्या या मुलखात कृष्णविवरांच्या टकरी ऐकल्या जाणार आहेत. गावातल्या माणसाने ‘तिथे नेमकं काय करणार?’ असे विचारले, तर त्याला काय उत्तर द्यायचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. समीकरणे सांगून भागत नाही. ‘मोठे संशोधन आहे, तुम्हाला नाही कळायचे’ असे म्हणणे तर त्याहून वाईट. कावळा सांगितला तर निदान संभाषण सुरू तरी होते.

आणि एकदा कावळा आला, की मराठीत पुढची म्हण हाताशी असतेच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, तेव्हा कावळ्याने फांदी मोडली असे आपण म्हणत नाही. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. लायगोचे निम्मे शास्त्र या म्हणीत आहे. एका ठिकाणच्या यंत्राला ठोका जाणवला, तर तो कावळा असेल, ट्रक असेल, वारा असेल. पण सुमारे तीन हजार किलोमीटरवरच्या दुसऱ्या यंत्रालाही अगदी तसाच ठोका, तोही सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत जाणवला, तर दोन्हीकडे एकाच वेळी सारखेच कावळे बसले असण्याची शक्यता उरत नाही. म्हणूनच अमेरिकेत हॅनफर्डच्या जोडीला लुइझियाना राज्यात लिव्हिंगस्टन इथे दुसरी वेधशाळा आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर आली, ती आधी लिव्हिंगस्टनला आणि साधारण सात सहस्रांश सेकंदांनी हॅनफर्डला. या फरकावरून लहर कोणत्या बाजूने आली याचा अंदाज बांधता येतो. यंत्रे जितकी दूरदूर आणि जितकी जास्त, तितका अंदाज नेमका. पृथ्वीच्या या बाजूला एक कान हवा, तो हिंगोलीत.

त्या पहिल्या लहरीची हकिकतही गमतीची आहे. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती गरगर फिरत एक झाली. उरलेले कृष्णविवर ६२ सूर्यांइतके. बेरीज करणाऱ्याला तीन सूर्य कमी पडतात, ते लहरींच्या रूपात निघून गेले. ही लहर सुमारे १३० कोटी वर्षे प्रवास करून पोहोचली आणि इतक्या प्रचंड घटनेची खूण ध्वनीत बदलून ऐकली, तर सेकंदाच्या पाचव्या भागात संपणारा, खालून वर चढत जाणारा एक बारीकसा आवाज ऐकू येतो. शास्त्रज्ञ त्याला ‘चर्प’ म्हणतात, म्हणजे चिवचिव. तीन सूर्य गमावून विश्वाने काय केले, तर चिवचिव केली. कावळा आणि चिमणी यांच्यावरच आपल्या सगळ्या गोष्टींची सुरुवात होते, हा योगायोग इथे सोडून देऊ.

विज्ञानावरच्या विनोदाला लोक का भुलतात, याचे एक उत्तर अशा उदाहरणांत सापडते. विनोद बहुतेक वेळा विसंगतीतून होतो, एवढे जुन्या तत्त्वज्ञांपासून सगळे सांगत आले आहेत. दोन न जुळणाऱ्या गोष्टी शेजारी येतात आणि आपण हसतो. विज्ञानाला विसंगतीचा तुटवडा नाही. अफाट आणि क्षुद्र, गंभीर आणि किरकोळ तिथे रोज एकाच टेबलावर असतात. पण विज्ञानाच्या विनोदात आणखी एक गोष्ट घडते. तो समजायला विषयाचा एक धागा हातात असावा लागतो, आणि हसू आले म्हणजे तो धागा हातात आला याची पावती मिळते. शाळेत विज्ञानाच्या तासाला मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला ही पावती चाळिशीत मिळाली, तर तिचे अप्रूप मोठे असते.

ज्यांनी कृष्णविवरांचा अभ्यास केला, त्यांना ही गरज पहिल्यापासून जाणवत असावी. कृष्णविवराला वस्तुमान, फिरकी आणि विद्युतभार एवढ्याच ओळखी असतात, बाकी सगळे तपशील पुसले जातात, या सिद्धांताला भौतिकशास्त्रात अधिकृतपणे ‘केस नसण्याचा सिद्धांत’ म्हणतात. कृष्णविवराला केस नसतात, हे वाक्य जॉन व्हीलर या नामवंत शास्त्रज्ञाने रूढ केले. शंभर टकले ओळीने उभे केले तर त्यांच्या भांगावरून कोण कोणता ते ओळखता येणार नाही, तसेच हे.

या टकल्या कृष्णविवराला टिचकी मारून पाहणारा माणूस भारतीय होता. सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये गणिताने दाखवले, की कृष्णविवराला धक्का दिला तर ते ठरावीक सुरात थरथरते आणि थरथर पटकन विरून जाते. त्या सुरावरून कृष्णविवर किती मोठे ते सांगता येते. बाजारात माठ घेताना बोटाच्या पेराने टकटक करून पाहतात, तसेच. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर तडा. २०१५ च्या चिवचिवाटाच्या शेवटी ही विरत जाणारी थरथर होती. विश्वेश्वरा यांचे निधन जानेवारी २०१७ मध्ये झाले, म्हणजे हा शोध जाहीर झालेला त्यांना पाहता आला. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू तारांगणाचे ते पहिले संचालक. गुरुत्वाकर्षणावर व्यंगचित्रे काढणे हा त्यांचा लाडका उद्योग होता आणि सर्वसामान्यांसाठी लिहिलेल्या एका पुस्तकाच्या नावातच त्यांनी कृष्णविवरांना आपल्या स्नानाच्या फेसात बसवले होते.

माठ टकटकवण्याचे उदाहरण हिंगोलीत परके नाही. नरसी हे संत नामदेवांचे गाव याच जिल्ह्यातले. गोरोबाकाकांच्या घरी तेरला संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईंनी कुंभाराच्या थापटण्याकडे पाहून हे काय म्हणून विचारले आणि मग गोरोबांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारून पक्के कोण, कच्चे कोण ते पाहिले, अशी कथा वारकरी परंपरेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. सगळे गप्प राहिले, नामदेव तेवढे कुरकुरले आणि कच्चे मडके ठरले. कीर्तनात या जागी आजही हशा पिकतो. पुढे ते विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा औंढ्याच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी पाय काढायला सांगितले, तर विसोबा म्हणाले, जिथे पिंड नाही तिथे तूच उचलून ठेव. पाय जिकडे न्यावा तिकडे पिंड. आधी हसू येते, मग तेच हसू अंगावर येते. गहन गोष्ट थट्टेच्या वाटेने सांगण्याची कला या मातीला कोणी शिकवायची गरज नाही. दुधाळ्याच्या वेधशाळेची माहिती देणाऱ्या फलकांवर आणि पुस्तिकांत ती उतरेल का, एवढाच प्रश्न आहे.

मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांनी ही वाट याआधीही धरली आहे. जयंत नारळीकरांची पहिली विज्ञानकथा ‘कृष्णविवर’ ही मुळात एका गमतीतून वाचकांसमोर आली. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ मध्ये विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केली. नारळीकर तेव्हाच जगप्रसिद्ध होते. नावाकडे पाहून कोणी बक्षीस देऊ नये, म्हणून जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले. अक्षर ओळखू येईल म्हणून कथा मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिले बक्षीस जगतापांना मिळाले! गंमत बाजूला ठेवली तर हा एक चोख प्रयोग होता. औषधाच्या चाचणीत खरी गोळी कोणाला आणि साखरेची कोणाला हे डॉक्टरलाही कळू देत नाहीत, त्याच तत्त्वावर नारळीकरांनी परीक्षकांना स्वतःच्या कीर्तीपासून दूर ठेवले.

औषधांचा विषय निघालाच आहे, तर विनोदाने आरोग्यविज्ञानाची केलेली एक मोठी सेवा सांगायला हवी. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ हे जगातल्या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकांपैकी एक. त्याच्या नाताळच्या अंकात दरवर्षी थोडी थट्टा चालते, पण पद्धत मात्र काटेकोर. डिसेंबर २०१८ मध्ये त्यात एक चाचणी छापून आली. विमानातून उडी मारताना पॅराशूटमुळे मृत्यू किंवा गंभीर इजा टळते का? २३ जणांनी उड्या मारल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात त्या पद्धतीने काहींना पॅराशूट दिले, काहींना साधी पाठपिशवी. निष्कर्ष असा, की दोन्ही गटांत काहीच फरक नाही. सगळे सुखरूप. पॅराशूट निरुपयोगी!

लेखात पुढे वाचले की खुलासा होतो. विमान जमिनीवर उभे होते. उडीची सरासरी उंची ०.६ मीटर, म्हणजे दोन फूट.

ही थट्टा डॉक्टरांनी डॉक्टरांची केलेली आहे आणि तिच्यात दम आहे. ज्यांना खरोखर धोका होता अशा लोकांना, म्हणजे उडत्या विमानातल्या प्रवाशांना, चाचणीत यायला कोणी तयार नव्हते. जे तयार झाले त्यांना धोकाच नव्हता. खऱ्या चाचण्यांतही असे होते. फार आजारी, फार म्हातारे, गरोदर स्त्रिया, एकाच वेळी चार औषधे घेणारे यांना अनेकदा वगळले जाते आणि तुलनेने धडधाकट माणसांवर आलेला निष्कर्ष सगळ्यांना लावला जातो. ‘अमुक औषधाचा काही उपयोग नाही, संशोधनात सिद्ध’ अशी बातमी वाचणाऱ्याने एक प्रश्न विचारायला हवा: विमान उडत होते की उभे होते? संख्याशास्त्राचे पुस्तक न उघडता हा प्रश्न ज्याला विचारता येतो, तो रुग्ण म्हणूनही थोडा सावध असतो.

अशा थट्टेला एक वार्षिक व्यासपीठही आहे. १९९१ पासून ‘इग नोबेल’ नावाची पारितोषिके दिली जातात. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ती मिळतात, आणि भारतीयांनी ती बरीच पटकावली आहेत. २००१ मध्ये बंगळुरूच्या निमहान्समधल्या चित्तरंजन अंद्राडे आणि बी. एस. श्रीहरी यांना किशोरवयीन मुले नाक कोरतात या शोधाबद्दल मिळाले. शहरातल्या २०० शाळकरी मुलांना त्यांनी विचारले होते. जवळपास सगळ्यांनी कबुली दिली, मध्यक दिवसातून चार वेळा. पुढच्याच वर्षी केरळ कृषी विद्यापीठातल्या दोघांना भारतीय हत्तीच्या शरीराचे पृष्ठफळ काढण्याच्या सूत्राबद्दल गणिताचे पारितोषिक मिळाले. हत्तीला फूटपट्टी कशी लावायची, या कल्पनेनेच हसू येते. पण प्राणी उष्णता किती बाहेर टाकतो हे कातडीच्या क्षेत्रफळावर ठरते आणि कर्करोगाच्या कित्येक औषधांची मात्राही माणसाच्या शरीराच्या पृष्ठफळावरूनच काढतात. २०२५ मध्ये दोन भारतीयांना घाण वास मारणाऱ्या बुटांचा चपलांच्या कपाटावर काय परिणाम होतो, या अभ्यासाबद्दल गौरवण्यात आले. हा विषय तर घरोघरचा.

या पारितोषिकांचा सर्वांत नामांकित मानकरी मात्र आंद्रे गाइम. त्यांनी शक्तिशाली चुंबकाच्या साहाय्याने जिवंत बेडूक हवेत तरंगवला. पाण्याला चुंबक अगदी किंचित दूर लोटतो आणि बेडूक बव्हंशी पाणीच असतो. २००० मध्ये त्यांना इग नोबेल मिळाले आणि २०१० मध्ये ग्राफीनसाठी खरे नोबेल. दोन्ही स्वतःच्या नावावर मिळवणारे ते पहिलेच. मधल्या काळात त्यांनी एका शोधनिबंधाचा सहलेखक म्हणून आपल्या घरच्या हॅमस्टरचे नाव घातले होते. नुसत्या कुतूहलाने, फळाची आशा न ठेवता, काहीतरी करून पाहण्याची हीच सवय पुढे चिकटपट्टीने शिसपेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचे थर सोलण्यापर्यंत गेली. बेडूक आणि ग्राफीन या एकाच स्वभावाच्या दोन खोड्या म्हणाव्या लागतील.

लायगोचा एक शिल्पकार किप थॉर्न यांनाही पैजा लावायची खोड होती. १९८१ मध्ये त्यांनी खगोलशास्त्रज्ञ जेरेमाया ऑस्ट्रायकर यांच्याशी पैज लावली, की विसावे शतक संपायच्या आत गुरुत्वीय लहरी सापडतील. सापडल्या नाहीत. थॉर्न यांनी वाइनच्या बाटल्या मुकाट्याने दिल्या. लहरी पंधरा वर्षे उशिरा आल्या आणि २०१७ चे नोबेल घेऊन आल्या. ज्या विषयात इतका पैसा आणि इतकी आयुष्ये गुंतलेली, त्यात ‘मी चुकलो’ असे जाहीरपणे, तेही हसत हसत म्हणता येणे ही लहान गोष्ट नाही.

कावळा, उभे विमान, बेडूक, पैज. या सगळ्या विनोदांत एक साम्य आहे. हसण्याचा विषय शास्त्रज्ञ स्वतः आहेत. कावळ्याने गंडवले ते त्यांना, पैज हरले ते. त्यामुळे ऐकणारा माणूस पायरीवर उभा राहत नाही, आत येऊन बसतो. दुसऱ्या जातीचा विनोदही असतो, त्यात हसे ऐकणाऱ्याचे होते. १९९७ मध्ये अमेरिकेत चौदा वर्षांच्या एका मुलाने शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी ‘डायहायड्रोजन मोनॉक्साइड’ या रसायनावर बंदी घालावी का, असे वर्गमित्रांना विचारले. ते आम्लवर्षेत असते, श्वासातून फुप्फुसात गेले तर जीव जातो, लोखंड गंजवते. ५० पैकी ४३ जणांनी बंदीच्या बाजूने मत दिले. हे रसायन म्हणजे पाणी. ही गंमत फार नावाजली गेली, आणि ती बोधक आहेच. लांबलचक रासायनिक नावाने माणूस घाबरतो, हे त्यातून दिसते. खाद्यपदार्थांबद्दल मोबाइलवर फिरणारे निम्मे संदेश याच भीतीवर चालतात. पण ज्या ४३ जणांचे हसे झाले, ते पुढच्या वेळी शंका विचारायला हात वर करतील की गप्प बसतील? चांगल्या शिक्षकाने हा विनोद सांगताना पहिला फसलेला माणूस स्वतः व्हावे.

हिंगोलीत हा फरक केवळ चवीचा नाही. या जिल्ह्यातल्या वसमत, औंढा आणि कळमनुरी तालुक्यांतल्या काही गावांना कित्येक वर्षे जमिनीतून गूढ आवाज ऐकू येतात. आधी गडगड, मग भांडी थरथरतात, लोक अंगणात येतात. २१ मार्च २०२४ च्या सकाळी ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के काही मिनिटांच्या अंतराने बसले. १० जुलै २०२४ रोजी पुन्हा ४.५ चा. शेजारच्या लातूर-धाराशिवमध्ये ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे काय झाले, ते मराठवाड्यात कोणी विसरलेले नाही. गणपती विसर्जनाची रात्र होती आणि दगड-मातीची घरे झोपलेल्या माणसांवर आली. अशा मुलखात धक्का बसल्यावर घराबाहेर थंडीत बसलेल्या कुटुंबाच्या ‘अज्ञाना’वर शहरातून विनोद पाठवणाऱ्याने विज्ञानाचे काहीच भले केलेले नसते. त्या माणसाचे बाहेर येणे हेच शहाणपण आहे.

त्याला माहिती हवी असते, आणि ती सांगता येते. भूकंपाच्या लहरींपैकी सर्वांत आधी पोहोचणारी प्राथमिक लहर ध्वनीसारखीच असते. दाब आणि विरलपणा यांची साखळी. केंद्र उथळ आणि जवळ असेल, तर ती पृष्ठभागाशी येऊन हवेला हलवते आणि कानाला गडगडाट ऐकू येतो. म्हणून काही वेळा हादरा लहान असतो आणि आवाज मोठा. जमिनीखालचे मडके कोणीतरी टकटकवावे तसे. दुधाळ्याच्या वेधशाळेचा याच्याशी संबंध आहे का, असे कोणी विचारले तर तो प्रश्नही हसण्यावारी नेऊ नये. हे आवाज वेधशाळा उभी राहायच्या आधीपासूनचे आहेत. आणि वेधशाळा जमिनीत काही सोडणार नाही. तिच्या नळ्यांत हवासुद्धा नसणार, नुसता प्रकाश. ती फक्त ऐकणार. कान लावल्याने आवाज होत नाही, हे वाक्य गावच्या पारावर सांगितले तर पुरेसे कळते.

उलट त्रास वेधशाळेला होणार आहे, आणि इथे गावकऱ्यांना हसायची पूर्ण मुभा आहे. शांत जागा म्हणून तिची निवड झाली. पण शांत म्हणजे काय? सोयाबीनची मळणी, उसाचे ट्रॅक्टर, पोळ्याची मिरवणूक, लग्नसराईतला डीजे, महाशिवरात्रीला औंढ्याला लोटणारी गर्दी, यांतले काय काय यंत्राला ‘ऐकू’ जाईल, ते आधीच मोजून, ओळखून बाजूला काढावे लागेल. पुण्याच्या आयुकामध्ये संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, लहर सापडायच्या कितीतरी आधी, गोंगाटातून नेमकी चिवचिव कशी वेगळी काढायची याचे गणित मांडले होते. जत्रेतल्या गलक्यात आपल्या लेकराची हाक आईला बरोबर ऐकू येते, कारण तो आवाज कसा असेल ते तिला आधीपासून माहीत असते. संगणकही तेच करतो. संभाव्य चिवचिवाटांचे नमुने आधीच तयार ठेवतो आणि आलेल्या गोंगाटावर एकेक लावून पाहतो.

त्यातून कावळे सुटणार नाहीत. हॅनफर्डच्या कावळ्यांनी उन्हाच्या तडाख्यात बर्फ टोचला. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी पार करून बसतो आणि द्रवरूप नायट्रोजनचा पाइप उन्हातही हिम धरतो. दुधाळ्याच्या कावळ्याला ही बातमी कळायला वेळ लागणार नाही. पाइपला वेष्टण घालणे हा अभियंत्यांचा उपाय झाला. आसपासच्या गावांत उन्हाळा लागला की लोक अंगणात, भिंतीवर, झाडाच्या बेचक्यात पाखरांसाठी पाण्याचे मातीचे भांडे ठेवतात. वेधशाळेच्या कुंपणालगत अशी दहा-बारा भांडी ठेवली, आणि ती काठोकाठ भरली, तर कावळ्याला खडेही शोधावे लागणार नाहीत.